चारचा सहा

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक जुने घड्याळ आहे. अब्बांनी ते जुना बाजारातून घेतले होते, आणि तेव्हाही ते नवे नव्हते. तबकडीवर रोमन आकडे आहेत. मी वेळ बघायला त्याच घड्याळावर शिकलो, त्यामुळे रोमन आकडे मला आधी आले आणि ते आकडे आहेत हे बऱ्याच उशिरा कळले. माझ्या लेखी त्या काड्या होत्या. एक काडी, दोन काड्या, तीन काड्या, चार काड्या. मग एक उघडी चोच. चोच म्हणजे पाच.

पाचवीत सरांनी फळ्यावर ‘रोमन हिंदसे’ असे लिहिले आणि चारच्या जागी एक काडी काढून तिच्यापुढे चोच काढली. आय आणि व्ही. मी हात वर केला. म्हणालो, “सर, हमारे घर की घडी में चार कांड्या हैं.” सर म्हणाले, “घडी गलत है, बैठ जा.” घरी येऊन अब्बांना सांगितले. अब्बांनी घड्याळाकडे बघितले, मग माझ्याकडे. “घडी गलत रहती तो मैं रोज फजर को कैसा उठता?” एवढेच बोलले.

दोघेही बरोबर होते हे मला पुढे वीस-बावीस वर्षांनी समजले, आणि समजायला एका मुलीचे नुकसान व्हावे लागले. तेच सांगायचे आहे. पण त्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

मी उर्दू माध्यमात शिकलो आणि आता उर्दू माध्यमातच शिकवतो. मधले एक वर्ष, म्हणजे बी.एड.चे, मराठी माध्यमात काढले. त्या वर्षात मला मराठी प्रश्नपत्रिका पहिल्यांदा जवळून दिसली. पर्याय असायचे अ, ब, क, ड. मला वाटले, मराठी मूल पहिलीत अ, आ, इ, ई शिकते, मग परीक्षेत ‘अ’नंतर ‘आ’ का येत नाही? शेजारी बसणाऱ्या कन्नडच्या मित्राला विचारले. कन्नड म्हणजे आपला कन्नड तालुका. तो म्हणाला, “असंच असतं.” मास्तर होऊ घातलेल्या माणसाने असे उत्तर देऊ नये, पण बहुतेक जण तेच देतात. पुढे शाळेत लागल्यावर माझ्याही वर्गात एका पोराने विचारले, “सर, अलिफ-बे के बाद पे होता ना? पेपर में जीम कायको?” मी म्हणालो, “वैसाच रहता.” या ‘वैसाच’मधला ‘च’ आमच्या दखनीने मराठीकडून घेतला आहे. उत्तर टाळायची पद्धतही तिथूनच घेतली असेल.

उत्तर फार जुने आहे. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर राहणारे फिनिशियन व्यापारी आपली अक्षरे अलेफ, बेथ, गिमेल, दालेथ या क्रमाने मोजत. तो क्रम ग्रीकांकडे गेला, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा झाला. पुढे रोमकडे जाऊन ए, बी, सी, डी झाला. इंग्रजांबरोबर तो मुंबई इलाख्यात आला आणि त्याचे मराठी अ, ब, क, ड झाले. दुसऱ्या वाटेने तोच क्रम अरबीत अलिफ, बे, जीम, दाल होऊन आला, ज्याला आपण ‘अबजद’ म्हणतो. अरबी वर्णमालेचा क्रम नंतर बदलला, सारखी दिसणारी अक्षरे शेजारी आणली गेली, म्हणून आज मूल अलिफ-बे-पे-ते शिकते. पण मोजायची वेळ आली की जुना क्रम उभा राहतो. म्हणजे मराठी पेपरातला ‘क’ आणि उर्दू पेपरातला ‘जीम’ हे दोघे एकाच आजोबांचे नातू आहेत. स्टाफरूममध्ये मी हे सांगितले तेव्हा चहा पिता पिता दोघा-तिघांनी “अच्छा” म्हटले आणि विषय महागाई भत्त्याकडे वळला.

रोमन आकडे तसे आपल्या मराठी जगण्यात पुष्कळ आहेत, फक्त ओळखू येत नाहीत. शाळेच्या वर्गावर पाटी असते, ‘इयत्ता’ लिहून पुढे रोमन नऊ. शेतकऱ्याचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. महसुलाच्या इंग्रजी कागदांत हे नमुने रोमन आकड्यांनीच लिहिलेले असतात. लोकांनी त्या काड्या आणि चोची बाजूला ठेवल्या आणि ‘सातबारा’ असा एक शब्दच करून टाकला. आमच्या मोहल्ल्यात ज्यांची गावाकडे दोन एकर जमीन आहे तेही दखनीत ‘सातबारा’च म्हणतात. हे मला फार शहाणपणाचे वाटते. मी मात्र नेमके उलटे केले.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या शाळेतली बहुतेक मुले हातावर पोट असलेल्यांची. घरात एक फोन, तोही संध्याकाळी अब्बा कामावरून आले की मिळणार. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकला की डाटा संपला अशी तक्रार यायची. मला वाटले, साधी अक्षरे असलेले हलके पान तयार केले तर ते कुठल्याही फोनवर उघडेल. म्हणून त्या रिकाम्या महिन्यांत मी एचटीएमएल शिकलो. मी विज्ञानाचा माणूस नाही. पण ही भाषा अवघड नाही. ती खरे तर कातिबाला दिलेल्या सूचनांसारखी आहे: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी.

कातिबाची उपमा देतो आहे तर सांगतो, उर्दूला हे सुख उशिरा मिळाले. नस्तालीक लिपी छापखान्याच्या खिळ्यांना वळत नव्हती, म्हणून वर्तमानपत्रेसुद्धा कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केली तेव्हा ती अक्षरे यंत्रावर आली. १९९४ मध्ये इनपेज आले, आणि आमच्याकडे प्रश्नपत्रिका टाइप करून देणाऱ्यांची सोय झाली. पण इनपेजची जुनी फाईल इंटरनेटच्या पानावर अक्षरे म्हणून जात नसे. तिचे चित्र करून टाकावे लागे. कितीतरी वर्षे उर्दू वर्तमानपत्रे इंटरनेटवर चित्रेच होती. युनिकोड रुळल्यावर उर्दू खऱ्या अर्थाने पानावर उतरली. माझे पान उघडले आणि त्यात शब्द शोधता आला तेव्हा मला जो आनंद झाला तो इंग्रजीवाल्यांना समजणार नाही.

तर यादी. एचटीएमएलमध्ये क्रमवार यादीला ‘ओएल’ म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक कलमाला ‘एलआय’. गंमत ही की आकडे आपण लिहायचेच नाहीत. आपण फक्त प्रश्न लिहायचे, आकडे ब्राउझर घालतो. मधला एक प्रश्न काढला तर खालचे सगळे आकडे आपोआप सरकतात. आकडे कसे हवेत तेही एका शब्दात सांगता येते. ‘टाइप’ लिहून पुढे लहान ‘आय’ टाकला की लहान रोमन, मोठा ‘आय’ टाकला की मोठे रोमन. किंवा सजावटीच्या भाषेत, म्हणजे सीएसएसमध्ये, ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ असे म्हणून ‘लोअर-रोमन’ लिहायचे. मी हा दुसरा मार्ग घेतला, कारण शिकवणाऱ्या पुस्तकात तो आधुनिक म्हणून सांगितला होता.

रोमनच का घेतले? खरे सांगायचे तर रुबाबासाठी. साधे एक, दोन, तीन लिहिले की घरगुती वाटते. रोमन आकडे आले की पेपर बोर्डाचा वाटतो. आमच्या शाळांना तसेही कमीपणाची एक सवय असते. कागद सरकारी दिसला की तो खरा, असे आपल्याला वाटते. माझ्या पानावर उजव्या कडेला लहान रोमन आकडे उभे राहिले, त्यांचा टिंब डाव्या बाजूला गेला, आणि मला वाटले, वा.

२०२१ च्या जुलैत मी आठवीच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीच्या सरावाची एक चाचणी त्या पानावर टाकली. बारा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, अलिफ, बे, जीम, दाल. मुलांनी फोनवर प्रश्न बघायचे, वहीत प्रश्नाचा क्रमांक आणि पर्यायाचे अक्षर लिहायचे आणि वहीचा फोटो पाठवायचा. त्यातून दहा मुले निवडून त्यांचा जादा वर्ग घ्यायचा आणि शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म फक्त त्यांचेच भरायचे असे ठरले होते. ही पद्धत मीच सुचवली होती. सगळ्यांचे फॉर्म भरले तर निकालाची टक्केवारी घसरते, असे माझे त्या वेळचे म्हणणे होते.

चाळीसेक फोटो आले. रात्री जेवण झाल्यावर मी एका हातात उत्तरांची यादी आणि दुसऱ्या हातात फोन धरून तपासायला बसलो. एका मुलीला आठ गुण मिळाले. दहावा मुलगा नऊवर थांबला. ती अकरावी-बारावी असेल. मी यादी लावली आणि झोपलो.

जादा वर्ग झाला, परीक्षा झाली. दहापैकी कुणाला शिष्यवृत्ती मिळाली, कुणाला नाही, तो इथे विषय नाही.

२०२३ च्या सुरुवातीला ती मुलगी नववीत होती आणि मी त्या वर्गाच्या उर्दूच्या वह्या तपासत होतो. पुस्तकातले छोटे प्रश्न तिने रोमन आकडे घालून सोडवले होते, माझीच सवय. चौथ्या प्रश्नाच्या उत्तराला आकडा दिसत होता सहाचा. मी लाल पेनाने गोल केला. सहाव्याला दिसत होता चारचा. पुन्हा गोल. सातव्याला आधी दोन काड्या आणि मग चोच, म्हणजे असा कुठला आकडाच नाही. मी तिला जवळ बोलावले आणि म्हणालो, माझ्यासमोर चार लिही. तिने पेन ओळीच्या उजव्या टोकाला ठेवले. आधी एक काडी काढली, मग तिच्या डावीकडे चोच काढली. क्रम अगदी बरोबर होता, आधी आय मग व्ही. फक्त तो उजवीकडून डावीकडे गेला होता.

मी म्हणालो, “ये तो छे हुआ ना, बेटा.”

ती म्हणाली, “नई सर, चार है. उर्दू में सीदे हात से लिखते ना, मैं वैसाच लिखी.”

तिच्या इंग्रजीच्या वहीत हेच आकडे सरळ होते. गणिताच्या वहीतही सरळ. ओळ इंग्रजी असेल तर ती डावीकडून, ओळ उर्दू असेल तर उजवीकडून. यात चूक काय होती? उर्दू माध्यमाच्या मुलाचा हात दिवसभर अशा उड्या मारत असतो. गणितात वाक्य उजवीकडून चालते आणि मध्येच समीकरण डावीकडून. उर्दू ओळीत शेहेचाळीस लिहायचे तर चार आधी आणि सहा त्याच्या उजवीकडे, म्हणजे आकड्यापुरती दिशा उलटी. हे आम्ही पहिलीत शिकवतो. पण रोमन आकडा दिसायला आकडा नाही, अक्षरे आहेत. त्याची दिशा तिला उर्दूच्या तासाला कुणी सांगितली होती? संगणकाला ती ठाऊक असते. युनिकोडच्या नियमात लॅटिन अक्षरे उर्दू वाक्याच्या मधोमध आली तरी आपापसांत डावीकडून उजवीकडेच राहतात. पान तिला चार बरोबर दाखवत होते. वहीत उतरवताना तिचा हात तिच्या भाषेप्रमाणे चालत होता.

मला एकदम दीड वर्षापूर्वीची रात्र आठवली. फोन बदलला होता, पण फोटो संगणकावर ठेवले होते. घरी येऊन शोधले. एक ते बारामध्ये उलटे लिहिले तरी दुसरा खराखुरा आकडा होतो अशा दोनच जोड्या आहेत. चार आणि सहा, नऊ आणि अकरा. सात, आठ, बारा उलटे लिहिले तर काहीच होत नाही, नुसता गोंधळ दिसतो. तिच्या फोटोत सात, आठ, बारा गोंधळलेले होते. त्या रात्री मी त्यांना घाईतले गिचमीड अक्षर समजून समजुतीने बरोबर दिले होते. माझ्या समजुतीचा मला अभिमानही वाटला असेल. प्रश्न तिने क्रमाने सोडवले नव्हते, येतील ते आधी लिहिले होते, त्यामुळे जागेवरूनही मला काही कळले नाही. आणि उत्तर म्हणजे एकच अक्षर, त्यामुळे कुठले उत्तर कुठल्या प्रश्नाचे हे मजकुरावरून कळायला वाव नव्हता. मी चारची दोन्ही आणि सहाची दोन्ही, नऊची आणि अकराची, सगळी उलटापालट करून पाहिली. चारही उत्तरे बरोबर होती.

बारापैकी बारा. त्या चाचणीत बारा दुसऱ्या कुणालाही नव्हते.

त्यानंतर मी बरेच दिवस याच आकड्यांच्या मागे लागलो. अपराध केलेला माणूस पुरावे गोळा करतो तसे. त्यात मला पहिली गोष्ट सापडली ती घड्याळाची. रोमन लोक स्वतः चारला पुष्कळदा चार काड्याच काढत. चोचीच्या आधी काडी ठेवून वजाबाकी करायची, ही रीत सक्तीची व्हायला फार उशीर लागला, आणि घड्याळांच्या तबकडीवर जुना चार आजही टिकून आहे. नऊसुद्धा चोचीपुढे चार काड्या असा लिहिला जाई. म्हणजे अब्बांचे घड्याळ बरोबर होते आणि सरही बरोबर होते. आणि मी त्या जुन्या रीतीने आकडे घातले असते तर ही मुलगी ते कुठल्याही बाजूने लिहिती तरी मला तो चारच दिसला असता.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची आहे. अक्षरांनी आकडे लिहिण्याची विद्या आपल्या घरातही आहे, तीच अबजद. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार, असे करत गैन म्हणजे हजारापर्यंत. सातशे शहाऐंशी हा आकडा वहीच्या माथ्यावर लिहिणारे प्रत्येक मूल नकळत अबजद वापरते. बिस्मिल्लाहच्या सगळ्या अक्षरांची किंमत मिळवली की ७८६ होते. तो तसा लिहावा की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. जुने शायर कुणाच्या जन्माची किंवा इंतकालाची ‘तारीख’ काढत, म्हणजे असा मिसरा रचत की अक्षरांची बेरीज तेच हिजरी वर्ष यावी. ही सगळी बेरीजच आहे. वजाबाकी नाही, म्हणून अक्षरे कुठल्याही बाजूने वाचा, बेरीज बदलत नाही. रोमन आकड्यात वजाबाकी घुसली आणि तिथून दिशा महत्त्वाची झाली. माझ्या विद्यार्थिनीचे चार गुण त्या वजाबाकीत गेले.

छापील पुस्तकांत इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने लहान रोमन आकड्यांनी मोजतात आणि मूळ पुस्तक साध्या आकड्यांनी. उर्दूत अनेक जुन्या पुस्तकांच्या मुकद्दम्याची पाने अलिफ, बे, जीम, दाल अशी मोजलेली दिसतात. काम तेच, अक्षरे घरची. हे सांगताना मला आमच्या शहराची आठवण होते. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक इथे शिक्षण खात्यात होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी १९१२ नंतर इथूनच चालवले, ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच काढले, आणि १९३८ मध्ये अंजुमन दिल्लीला गेली. मुकद्दमे लिहिण्यासाठी ते इतके प्रसिद्ध की त्यांच्या मुकद्दम्यांचेच वेगळे पुस्तक झाले. ज्या गावातून हे सगळे झाले त्या गावचा उर्दूचा मास्तर मी, आणि आकडे शोधायला रोमपर्यंत गेलो.

आमच्या दादाजींच्या लोखंडी पेटीत निजामाच्या काळातली एक पावती आहे. मजकूर उर्दूत, तो मी वाचतो. रक्कम मात्र काही वेलांट्यांसारख्या खुणांत आहे. त्याला सियाक म्हणतात, अरबीतल्या संख्यावाचक शब्दांची ती आखडलेली रूपे. दफ्तरातले मुन्शी हिशेब त्यात लिहीत. दादाजींनी किती रुपये भरले ते आज आमच्या घरात कुणाला वाचता येत नाही. २०१८ मध्ये भारतातल्या सियाक आकड्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली. संगणकाला ते आता ठाऊक आहेत, नातवाला नाहीत.

एचटीएमएलच्या बाबतीतही एक गोष्ट वाचायला मिळाली आणि ती मला लागली. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये यादीचा तो ‘टाइप’ नापसंत ठरवला गेला. म्हणणे असे की आकडा कसा दिसावा ही सजावट आहे, तिची जागा सीएसएसमध्ये. पुढे २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये तो परत आला, कारण काही याद्या अशा असतात की त्यांच्यातल्या कलमांचा उल्लेखच आकड्याने किंवा अक्षराने होतो. कायद्याचे कलम, कराराची अट. तिथे रोमन चार हा दागिना नाही, ते त्या कलमाचे नाव आहे. सजावट उतरवली तर नाव हरवते. प्रश्नपत्रिकेचा शब्द मी तिथे वाचला नाही, पण प्रश्नपत्रिकेहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. मूल उत्तराला ओळख देते ती प्रश्नाच्या आकड्याने, आणि मी तो आकडा बांगडीसारखा निवडला होता.

नंतर पान दुरुस्त केले. प्रमाण याद्यांत ‘देवनागरी’ नावाची शैली आहे, ‘पर्शियन’ आहे, ‘उर्दू’ नावाची वेगळी नाही. पर्शियन लावली तर युनिकोडमधले तेच आकडे येतात जे उर्दू वापरते, पण चार आणि सात यांचे वळण फाँट ठरवतो, आणि आमच्या फोनवर ते इराणी वळणाचे आले. आमची मुले इराणी चार ओळखत नाहीत. एका पोराने त्याला ‘टूटा हुआ चार’ म्हटले. उर्दू वळणाचा फाँट पानालाच जोडला तेव्हा नीट जमले. पर्यायांसाठी सीएसएसच्या ‘काउंटर-स्टाइल’ नियमाने स्वतःची शैली बनवता येते: ही चार अक्षरे, या क्रमाने, मागे ही खूण. फायरफॉक्समध्ये ती सोय २०१४ पासून होती, क्रोममध्ये २०२१ पासून आली. मी अलिफ, बे, जीम, दाल लिहिले आणि तिला नाव दिले ‘अबजद’. एवढेच काम, सात-आठ ओळी. जुलै २०२१ मध्येही ते होऊ शकले असते. साधे आकडे तर तेव्हाही एका शब्दाच्या अंतरावर होते. आणखी एक बदल केला, प्रत्येक उत्तरापुढे पर्यायाच्या अक्षराबरोबर उत्तराचा शब्दही लिहायला सांगतो. तपासायला दुप्पट वेळ लागतो.

पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हांचा धडा आजही पहिलाच आहे. तो मी आता उर्दूच्या तासालाही घेतो, आणि फळ्यावर उजवीकडून येणारी उर्दू ओळ लिहून तिच्या मध्ये आय-व्ही काढून दाखवतो, बाण काढून. एक-दोन सहकाऱ्यांना हे विषयाबाहेरचे वाटते.

तिला मी सांगितले. हे सांगण्याआधी आठवडाभर टाळले, कारण शिक्षकाने चूक कबूल केली की वर्गावरचा धाक जातो, असे मला बी.एड.मध्ये कुणी शिकवले नव्हते तरी मी शिकलो होतो. मधल्या सुट्टीत बोलावून फोटो दाखवला, एकेक उत्तर जुळवून दाखवले. तिने लक्ष देऊन बघितले. मग विचारले, “बारा में से बारा, सर?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “मैं अम्मी को बोली थी, सब आया था करके. अम्मी मानी नई.”

मी तिच्या घरी गेलो. अम्मी दारातच होत्या, शिवणाचे काम बाजूला ठेवून त्यांनी चहा केला. माझे सगळे ऐकून घेतले, रोमन आकडे, दिशा, सगळे. त्यांना त्यातले किती कळले माहीत नाही. मुलीकडे बघून म्हणाल्या, “सर घर तक आए, बस है.” बस नव्हते, हे मला माहीत होते. आठवीची परीक्षा नववीत देता येत नाही. २०२४ मध्ये ती दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. पण ते तिचे आहे, त्याचा माझ्या चुकीशी हिशेब लावणे बरे नाही.

त्या चाचणीचे गुण मी एका रजिस्टरमध्ये हाताने उतरवले होते. ते अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या नावापुढचे आठ मी एका रेघेने खोडले, वर बारा लिहिले, उर्दू आकड्यांत, आणि बाजूला सही आणि तारीख टाकली. शेवटचा रकाना ‘कैफियत’चा आहे. त्यात काय लिहावे ते त्या दिवशी सुचले नाही, आणि अजून तो रकाना मोकळाच आहे.